मेंढवाड्याच्या भिंतीपाशी

जाग आली तेव्हा माझं डोकं एका अनोळखी माणसाच्या खांद्यावर होतं.

ऊन कललं होतं. पाठीशी मेंढवाड्याची तापलेली दगडी भिंत, समोर खिंडीच्या सावलीत ऑगस्टचा, आमच्याकडच्या सरत्या हिवाळ्याचा, उरलासुरला बर्फ. त्याच्या घोंगडीला धुराचा आणि मेंढ्यांचा वास येत होता... आणि तो वास मला नकोसा वाटत नव्हता.

मी दचकून सरळ झाले. "किती वेळ झाला?"

"सव्वा तास तरी." तो जागचा हलला नव्हता.

"उठवायचं ना मग, अबुती." अनोळखी माणसालाही आमच्याकडे अबुती म्हणजे दादा म्हणतात, बाईला अउसी.

"तुमच्या मैत्रिणीनं दम दिलाय. हललात तर दोन्ही चाकांची हवा सोडीन म्हणाली."

"आणि हात?"

"हा डावा? तो मघाशीच बधिर झाला. उजवा आहे अजून."

मला हसू आलं. हसताना गाल दुखले, इतकी सवय मोडली होती.

मासेरू शहरातून आम्ही तिघं निघालो होतो, तीन मोटरसायकलींवर. मी, जीन्सच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर बसणारी पुलेंग आणि तिचा नवरा कात्लेहो. बेत पुलेंगचा. "आई जाऊन सात महिने झाले तुझी," ती म्हणाली होती, "आणि तू अजून पहाटे तीनला उठतेस तिची कूस बदलायला. चल डोंगरात." खरंच होतं ते. चार वर्षं मी आईचं सगळं केलं होतं. ती गेली तरी माझ्या अंगाला ते पटत नव्हतं. झोप तीन तासांची, तीही कान उघडे ठेवून.

तिसऱ्या दिवशी या खिंडीत कात्लेहोच्या गाडीची चेन तुटली. तेवढ्यात मागून चिखलानं माखलेल्या गाडीवर हा माणूस आला. मागे लशीचा डबा बांधलेला. त्यानं चेन जोडायला आपल्याकडची कडी काढून दिली, भिंतीला टेकला आणि डोळे मिटले. मीही टेकले – चांगलं दोन हात अंतर ठेवून. पुढचं मला आठवत नाही.

नाव मोएकेत्सी. सरकारी नोकरी, गावोगाव जाऊन मेंढ्यांना लस टोचायची. "आज बारावा दिवस," तो हात चोळत म्हणाला. "आता समोर माणूस आला तरी मी आधी त्याचे दात बघतो. वय कळतं."

"माझे बघितलेत?"

"तोंड उघडं होतं, अउसी. बघावे लागले."

त्यालाही आमच्याच वाटेनं उतरायचं होतं. तो पुढे झाला. अवघड वळण आलं की वेग कमी करायचा, आरशात बघायचा आणि मी दिसले की मगच पुढे जायचा. माझ्यासाठी कुणी थांबल्याला किती वर्षं झाली होती... मनगटं दुखत होती, डोळ्यांत धूळ होती, आणि मी प्रत्येक वळणाची वाट बघत होते.

खाली ओढ्याकाठी एका झोपडीवर हिरवं निशाण होतं, म्हणजे जेवण तयार. पापा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि वाफाळता मोरोहो, पालेभाजी खरपूस परतलेली. बोटं इतकी आखडली होती की हातमोजा निघेना. मोएकेत्सीनं माझा हात घेतला, एकेक बोट हळूच ओढत तो मोजा काढला.

मी हात मागे घेतला. "नको."

"दुखलं?"

"नाही. म्हणूनच नको." पुलेंग समोर होती, तरी मी बोलून गेले. "आज कुणी माझं केलं की उद्या मला त्याचं करावं लागतं. चार वर्षं केलंय मी. आता माझ्यात काही उरलेलं नाही, अबुती."

तो शांतपणे घास चावत राहिला. "मी फारसा आजारी पडत नाही," मग म्हणाला. "वर्षातून एकदा सर्दी. तेव्हा नुसता कण्हतो, मागत काही नाही."

"कण्हणंही ऐकावं लागतं."

"मग बाहेर जाऊन कण्हेन."

पुलेंगनं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

"मीही दमलोय," तो हळूच म्हणाला. आता तो थट्टा करत नव्हता. "बारा दिवस नुसता निघतोय. एक गाव संपलं की दुसरं. आज त्या भिंतीपाशी पहिल्यांदा वाटलं... पोचलो."

माझ्या ताटातला पापा निवत गेला.

पुढच्या फाट्यावर वाटा वेगळ्या झाल्या. त्याची अजून दोन गावं उजवीकडे. आम्ही डावीकडे, सोमवारी सातची पाळी.

"पुढच्या रविवारी मासेरूला येणार आहे," तो हँडलकडे बघत म्हणाला. "लस न्यायला."

"लस तालुक्याला मिळत नाही?"

"मिळते."

कात्लेहो उगाचच चेन तपासू लागला. मी माझा पत्ता सांगितला – चर्चच्या पुढची गल्ली, दुसरं फाटक, हिरव्या पत्र्याचं. "शनिवारी माझा ओव्हरटाइम असतो," मी म्हणाले. "रविवारीच ये."

'या' म्हणायला हवं होतं. त्यानं ऐकलं, पुलेंगनंही.

रविवारी तो आला नाही. संध्याकाळपर्यंत मी फाटकाकडे बघत होते, आणि मला राग आला – चांगला सणसणीत, कानशिलं तापवणारा. पुलेंगला सांगितलं तर म्हणाली, "काही उरलं नव्हतं ना तुझ्यात? मग हे कुठून आलं?"

त्यानंतरच्या रविवारी दुपारी फाटक वाजलं. कमरेपर्यंत चिखल, ओठ फुटलेले, उभ्या उभ्या डुलत होता.

"उशीर झाला," मोएकेत्सी म्हणाला.

"आठ दिवस."

"बर्फ पडला. खिंड बंद होती."

"माहीत आहे," मी म्हणाले. "त्या रविवारनंतर रेडिओवर रोज ऐकत होते."

"रोज?"

"सकाळ-संध्याकाळ. आता आत ये, वारा येतोय."