काचेबाहेरचं मशीन

हसायचं ते आत्ताच हसून घ्या रे. नंतर पाणी प्यायलाही एकटे उठणार नाही.

माझी मेव्हणी आपल्या संग्रहालयाची देखरेख करते. दहा वर्षांपूर्वी कपड्यांचा कारखाना बंद पडला. घरोघरी चूल पेटायची पंचाईत, जुन्या वस्तू बघायला कोण येतंय? विश्वस्त म्हणाले, कुलूप लावू. पण ही बाई हट्टी. शिवणकामाच्या दालनातली पायाची मशीनं तिने काचेतून बाहेर काढली, तेल घातलं आणि कामावरून काढलेल्या बायकांना त्यांवर बसवलं. बालवाडीचे पन्नास सदरे शिवायला मिळाले. शुक्रवारी सकाळी आठला दिले तर पुढची कामं. नाहीतर बायकाही घरी आणि हीही घरी.

एका मशीनवर मात्र कोणी बसेना. ते गल्लीतल्या म्हाताऱ्या शिंपीणबाईंचं. वारायच्या आधी देऊन गेल्या होत्या, वर बजावलं होतं, काचेत ठेवू नका, चालतं ठेवा. आपल्या लोकांनी ते चार वर्षं काचेतच ठेवलं.

गुरुवारी रात्री सव्वाअकराला अडतीस सदरे झाले. बायका पेंगायला लागल्या, तशी हिने त्यांना घरी पाठवलं, दार आतून लावलं आणि उरलेले बारा शिवायला एकटीच बसली.

साडेबाराला पाय भरून आले म्हणून ती थांबली.

आवाज थांबला नाही.

खट-खट-खट... मागून.

मान वळेना. शेजारचा कापलेल्या कापडाचा गठ्ठा कोणीतरी ओढला. हळूच. हिने डोळे मिटून घेतले.

मग सगळं गप्प...

कानाशी कोणी म्हणालं, "दोरा संपला गं."

"आता... दुसरा नाही," ही कशीबशी म्हणाली.



मग पुन्हा खट-खट.

उजाडल्यावर डोळे उघडले, तर पन्नासच्या पन्नास सदरे घडी घालून ठेवलेले. हिने मुकाट्याने नेऊन दिले. पुढची कामं मिळाली, संग्रहालय टिकलं. तुम्ही दोघं त्याच बालवाडीतले. तुमच्याही अंगावर त्यातलेच सदरे होते.

वर्षभराने एका पोराचा सदरा सैल करायला आला. मेव्हणीने शिवण उसवायला घेतली. मी समोरच बसलो होतो. शिवण बारीक, सरळ, नजर लागावी अशी.

तिने टोक धरून ओढलं.

दोरा नव्हता तो. पांढरा केस होता. लांबच लांब.