उबेचं कपाट

घरात सगळे तिला धाकटी म्हणत. विद्यापीठात ती मूळपेशींवर संशोधन करायची, आणि पेशींना सुट्टीबिट्टी काही कळत नाही. त्या ज्यात वाढतात ते गुलाबी पाणी रोजच्या रोज बदलावंच लागतं. त्यामुळे घरी लग्न असो की आजारपण, धाकटीचा एक पाय प्रयोगशाळेत. "तान्ही बाळं परवडली," ती म्हणायची, "निदान मोठी तरी होतात."

आईची नजर मंदावत चालली होती. डोळ्यांच्या पडद्यातल्या पेशी मरत होत्या आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. तेव्हा धाकटीने आईच्या दंडाची चिमूटभर कातडी प्रयोगासाठी मागितली. "घे बाई, तशीही लोंबतेच आहे," आई म्हणाली. त्या कातडीपासून मूळपेशी, मूळपेशींपासून डोळ्याचा पडदा, असा तो लांबचा रस्ता. कित्येक महिन्यांनी इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या त्या उबेच्या कपाटात, डिशमधल्या पाण्यात मोहरीएवढे गोळे दिसायला लागले. प्रत्येकावर एक काळा ठिपका. डोळ्याची सुरुवात. तिच्या मार्गदर्शक सरांनी तिची पाठ थोपटली.

त्याच आठवड्यात आईला दिसायचं पार बंद झालं.

मग एके दिवशी जेवताना आई सहज म्हणाली, "आज केस वर बांधले होतेस ना?"

धाकटीचा घास हातातच राहिला. केस तिने फक्त प्रयोगशाळेत बांधले होते. निघताना सोडले होते.

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? दिसलीस. केवढी मोठी दिसत होतीस! वरून वाकलेली, आणि सगळं गुलाबी गुलाबी. मग दार लागलं."

नजर गेलेल्यांना मेंदू नसती चित्रं दाखवतो, हे तिने वाचलं होतं. तिने तशी मनाची समजूत घातली. तरी दुसऱ्या दिवशी खोलीत एकटी असताना तिने डिश बाहेर काढली, मागे कुणी नाही ना ते पाहिलं आणि लहानपणी वेडावायची तशी जीभ काढून दाखवली.

घरी पोचली तर आई खुर्चीत बसून एकटीच हसत होती. "घोडी झालीस, आणि आईला जीभ काय दाखवतेस?"

ते हसू फार दिवस पुरलं नाही. भर दुपारी, उघड्या खिडकीशी बसून आईचा जीव गुदमरू लागला.

"अंधार आहे गं. दमट, कोंदट. चहूकडून भिंती."

"आई, तू घरात आहेस. हा बघ माझा हात."

"इथे आहे हात. तिथे मला हात नाहीत." आई म्हणाली. "मान वळत नाही. डोळे मिटत नाहीत. तू येतेस, बघतेस आणि दार लावून जातेस. मला बाहेर काढ."

त्या दिवसापासून कपाटाचं दार लावताना धाकटीचा हात जड व्हायचा. दार उघडं ठेवलं तर पेशी मरणार. त्या मेल्या तर आईचं काय होईल, हे विचारायचं कुणाला? सरांना? सरांनी तिलाच डॉक्टरकडे धाडलं असतं. रजा काढून ती चार दिवस घरी बसली, तर सहकाऱ्याने पेशींचं पाणी बदललं, आणि घरी आईने त्याच्या शर्टाचा रंग सांगितला.

शेवटी एका सकाळी तिने सगळ्या डिशमध्ये ब्लीच ओतलं. काळे ठिपके फिकट होत गेले. ती धावत घरी आली. आई बिछान्यात निश्चल पडली होती. धाकटीने तिच्या नाकाशी बोट धरलं.

"आहे गं, आहे," आई म्हणाली. "आता नुसता काळोख. साधा. बरं वाटतंय."

जेमतेम महिना गेला.

"नवीन माणूस ठेवलात का गं?" आईने विचारलं. "दाढीवाला. सारखी शीळ घालतो, ओठांवरून कळतं. त्यानेही दार लावलं."

प्रयोगशाळेत दाढीवालं कुणीच नव्हतं.

धाकटी थेट सरांच्या खोलीत गेली. "तू नासाडी केलीस, पण नशीब, मी आधीच थोड्या गोठवून ठेवल्या होत्या," सर म्हणाले. "बऱ्याच विद्यापीठांना त्या मागेच पाठवल्यात. तिथून आणखी पुढे जातील. आता या पेशींना मरण नाही बघ."

"परत मागवता येतील?"

सर हसले. "मागवायच्या काय? त्या वाढताहेत!"

त्यानंतर आई फारशी बोललीच नाही. अधूनमधून नुसतं म्हणायची, "लागलं दार." थोड्या वेळाने पुन्हा, "हेही लागलं."

एका मंगळवारी ती गेली. धाकटी पोटभर रडली. आणि रडता रडता, स्वतःचीच लाज वाटून घेत, मनात म्हणाली, सुटली एकदाची.

पुढच्या आठवड्यात दूरच्या एका विद्यापीठातून फोन आला. माणूस अदबीने बोलत होता. पेशी उत्तम वाढताहेत, फार आभारी आहोत, म्हणाला. मग जरा घुटमळला.

"एक विचारायचं होतं. तुमच्याकडेही असं व्हायचं का?"

"कसं?"

"मंगळवारपासून चाललंय. डिश कशीही फिरवून ठेवली, तरी सकाळी सगळे ठिपके दाराकडे वळलेले असतात."