इनपुटला लावलेलं बोट

त्या दिवशी सकाळपासून आभाळ दाटून आलं होतं. पाऊस मात्र पडेना, वाराही नाही. दोरीवरचे कपडे ओले ते ओलेच, आणि खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागला होता. अशा हवेत लांबचा आवाजही कानाशी आल्यासारखा वाटतो, बघा.

मिस्त्री घरात एकटाच होता. बायको बहिणीकडे गेली होती, ती उद्या यायची होती. निघताना चपला घालता घालता म्हणाली, "अहो, भावजींच्या मशीनला हात लावू नका."

"मी दुरुस्ती करतो. मोडतोड नाही करत."

"तेच म्हणते मी. ते बिघडलेलं नाही."

भावजी म्हणजे मिस्त्रीचा भागीदार. उंचीमुळे सगळे त्याला लांब्या म्हणत. दोघांचं अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान. थंडीत लांब्या वारला. जाण्याआधी दिव्यासारख्या पेटणाऱ्या काचेच्या वॉल्व्हचा, स्वतःच्या हातानं जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर त्यानं वहिनीला, म्हणजे मिस्त्रीच्या बायकोला, देऊन टाकला. जन्मभराच्या भागीदाराला नाही, वहिनीला. तेव्हापासून ती रोज दुपारी त्याच्यापुढे डोळे मिटून गाणी ऐकत बसायची. मिस्त्रीनं लग्नानंतर हौसेनं बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर माळ्यावर गेला.

"तुमच्या मशीनमधून गाणं मोठं येतं," ती एकदा सहज बोलून गेली, "त्यांच्यातून जवळ येतं."

ते वाक्य मिस्त्रीच्या छातीत काट्यासारखं रुतून बसलं. या दोघांत काही होतं का? लांब्या होता तेव्हा विचारलं नाही, आता बायकोला विचारायची छाती होईना.

म्हणून त्यानं झाकण उघडलं. आत वेगळं काहीच नव्हतं. त्यानं गाणी लावायच्या प्लेयरची वायर काढून ठेवली आणि मशीन चालू केलं. वॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले.

आता या धंद्यात एक रीत आहे. आवाज आत जायच्या जागेला, म्हणजे इनपुटला, नुसतं बोट लावून बघायचं. मशीन ठीक असेल तर स्पीकर भर्रर्र करतो. बिचारं मशीन स्वतःचं काही बोलत नाही. आपण देऊ ते मोठं करतं, इतकंच.

मिस्त्रीनं बोट लावलं.

भर्रर्र झालं नाही. एक बाई हसली. ओठ दाबून, हळूच.

त्यानं बोट काढलं. सगळं चिडीचूप. तापलेल्या धुळीचा वास तेवढा खोलीभर होता. त्यानं पुन्हा बोट लावलं.

"पुरे ना, भावजी... ऐकू जाईल त्यांना."

"त्याला कुठं काय ऐकू जातं, वहिनी..."

आवाज तिचाच होता. पण त्यातला हा मऊपणा इतक्या वर्षांत मिस्त्रीच्या वाट्याला कधी आला नव्हता. शहाण्या माणसानं तिथंच झाकण लावलं असतं. पण संशयाची चटक वाईट. पुढचं ऐकायचं होतं ना त्याला. तो बोट लावी, काढी, पुन्हा लावी. दर खेपेला ते दोघं जास्त स्पष्ट होत होते. आधी स्पीकरच्या आत होते, मग स्पीकरच्या पुढे, मग... पलंगाच्या बाजूला.

आता बोट काढलं तरी हसणं लगेच थांबत नव्हतं.

"काढू नकोस रे," लांब्या अगदी शेजारून म्हणाला. "अजून थोडं दे... आलोच."

मिस्त्रीनं प्लग उपटला. गरम मशीन तसंच छातीशी कवटाळलं, वायर फरफटत बाहेर आला आणि पायानं दार ओढून घेतलं. भंगारात टाकायचं, आजच, आत्ताच. हात भाजत होते, पण तो जिना उतरायला लागला.

समोरचे काका दारात उभे होते. ते मिस्त्रीच्या बंद दाराकडे बघून कौतुकानं हसले.

"सावकाश ने, घाई नको करूस," काका म्हणाले. "तुझी बायको मजेत आहे आत, अजून हसतेय. खरं सांगू का, तुझ्याशी बोलताना इतकी हसलेली कधी ऐकली नव्हती मी तिला."