बदामाखालच्या लाल खुंट्या

सोमवार म्हणजे चष्म्याच्या दुकानाला सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे खारू झाडावर. सव्वीस वर्षांची घोडी झाली होती, आठवडाभर लोकांचे डोळे तपासून नंबर काढायची. पण परसातल्या बदामाच्या दुसऱ्या फांदीवर पाय सोडून बसल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. म्हणून तर घरात सगळ्यांची ती खारू.

त्या सोमवारी फाटकातून एक अनोळखी तरुण आत आला. खांद्याला पिशवी, हातात वही. आला तो थेट बदामाच्या बुंध्याशी गेला, पाचोळ्यात चक्क उताणा पडला आणि वर बघत राहिला.

"अहो," थोड्या वेळाने तो म्हणाला, "किती आभाळ दिसतंय ते बघतोय. तुमचे पाय मध्ये येताहेत."

"झाड आमचं, पाय माझे. तुम्हीच सरका की!"

"नको. मग असंच लिहितो... दाट सावली, आणि दोन पाय."

आणि पठ्ठ्याने खरंच लिहिलं! खारूला हसू आवरेना, पण वरून हसणं बरं दिसलं नसतं. तिने तोंडात ओढणीचं टोक धरलं.

हा लॉनवाला. त्याला बोलावलं होतं अप्पांनी, म्हणजे खारूच्या वडिलांनी. अप्पा पस्तीस वर्षं जमिनीची मोजणी करून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, आणि स्वतःच्या परसात काय, तर पाचोळा आणि उघडी माती! आता त्यांना हिरवंगार लॉन हवं होतं, भिंतीपासून भिंतीपर्यंत.

"हरळी लावू," लॉनवाला म्हणाला. "पायाखाली तुडवली तरी मरत नाही. फक्त सावलीत रुसते. दिवसाला सहा तास ऊन हवंच. बदामाखाली मात्र मोकळंच ठेवा, अप्पा."

"मोकळं कशाला? ऊन पोचत नसेल तर झाड काढा."

आई मध्ये पडली, खारूने अबोला धरून पाहिला, लॉनवाल्यानेही समजावलं. शेवटी अप्पांनी मोजणीदाराला शोभेल असा निकाल दिला. एक दिवसभर ऊन मोजायचं. सहा तासांपेक्षा कमी ऊन मिळतं तिथे लाल खुंट्या ठोकायच्या. खुंट्या बुंध्यापासून आठ पावलांच्या आत राहिल्या तर तेवढं मोकळं ठेवून, खालच्या फांद्या विरळ करून भागवायचं. बाहेर गेल्या, तर झाड जाणार.

"खुंटी कुणाची भीड धरत नाही," अप्पा म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

पुढच्या सोमवारी दोघं दिवसभर परसात. दर तासाला खारू घड्याळ बघून ओरडायची, आणि तो सावलीच्या कडेने चुन्याची रेघ ओढायचा.

"अकरा वाजले! आणि तुमच्या नाकाला चुना लागलाय."

"कुठे?"

"सांगणार नाही. छान दिसतोय."

"मग राहू दे," तो म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत खरंच राहू दिला!

संध्याकाळी लाल खुंट्या लागल्या. खारूने बुंध्यापासून पावलं टाकली. सहा... आठ... दहा. दहा पावलं!

तो नळावर हातपाय धुवायला गेला, आई चहा गाळत होती. खारूने इकडेतिकडे पाहिलं, पाच खुंट्या उपटल्या आणि सातव्या पावलावर चपलेने ठोकल्या. जुनी भोकं पायाने बुजवली. दुसऱ्या कुठल्या घरात ही बारीकशी लबाडी ठरली असती; पण हे मोजणीदाराचं घर. हद्दीची खूण हलवणारी माणसं ही अप्पांच्या लेखी जगातली सर्वांत वाईट माणसं, आणि त्यांच्या गोष्टी ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती.

लॉनवाला परत आला. त्याने खुंट्यांकडे पाहिलं. मग तिच्या चपलेकडे.

"चहा झाला का?" एवढंच म्हणाला.

अप्पांनी सकाळी पावलं मोजली, मान हलवली, आणि बदाम वाचला.

मग कामाला जोर चढला. लॉनवाल्याने खालच्या फांद्या छाटल्या, पण दुसरी फांदी ठेवली. का, ते कुणी विचारलं नाही. मुळांच्या अधेमधे त्याने कुदळ चालवूच दिली नाही. हाताने, दोन बोटं खोल एवढीच माती मोकळी केली. "मोठ्या झाडाच्या मुळांवर भलती माती लोटली की ती गुदमरतात," तो म्हणाला. खारू शेजारी बसून हरळीच्या काड्या रोवायची. एकाच खळग्यात दोघांची बोटं आली की दोघंही एकदम "सॉरी" म्हणायची, आणि पुढच्या खळग्यात पुन्हा तेच व्हायचं.

"तुम्ही लिहिताना डोळे बारीक करता," ती एकदा म्हणाली. "दुकानात या. तपासते."

तो आला. अंधाऱ्या खोलीत तिने त्याच्या नाकावर लोखंडी चौकट चढवली, बारीक दिवा धरला आणि अगदी जवळून त्याच्या डोळ्यांत पाहिलं. हजारो डोळ्यांत पाहिलं होतं तिने. आज मात्र काय तपासायचं तेच ती विसरली.

"सरळ बघा," ती म्हणाली.

"सरळच बघतोय."

"माझ्याकडे नाही हो... दिव्याकडे!"

डोळे ठणठणीत निघाले. अगदी शेवटची, मुंगीएवढी ओळसुद्धा त्याने घडाघडा वाचली. खारूने चिठ्ठीवर लिहिलं, नजर उत्तम. त्या रात्री तिला मान्य करावंच लागलं की आपण ह्या माणसाच्या प्रेमात पडलोय, आणि चांगल्याच पडलोय.

दोन महिने गेले. उघड्या उन्हातली हरळी अशी भरली की अप्पा अनवाणी फेऱ्या मारू लागले. पण बदामाभोवती, सातव्या ते दहाव्या पावलापर्यंत, ती पिवळी पडली, मग विरळ झाली, मग टक्कलच पडलं. अप्पा दोन दिवस घड्याळ घेऊन तिथे खुर्ची टाकून बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी लॉनवाल्याला बोलावलं.

"इथे चार तास ऊन येतं. चार! तुमची खुंटी सहा सांगत होती. ही कसली मोजणी?"

खारू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

लॉनवाल्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चूक माझी, अप्पा. नजरचूक झाली. डोळे जरा... अधू झालेत माझे."

"मग हा धंदा सोडा! ज्याला खुंटी नीट ठोकता येत नाही त्याने माझ्या परसात पाऊल टाकू नये. आणि ते झाड उद्या काढतो मी."

तो खाली मान घालून वळला. फाटकापाशी पोचला. खारूला वाटलं, गप्प राहिलो तर अप्पांच्या नजरेत आपण चांगले राहू, आणि हा जाईल. कायमचा.

"त्याचे डोळे उत्तम आहेत!" ती ओरडली. "मी तपासलेत. चिठ्ठी माझ्या अक्षरात आहे. खुंट्या मी हलवल्या, अप्पा. पाच. चपलेने ठोकल्या."

अप्पा खुर्चीत बसले. खारू रडत होती, पण मान तिने खाली घातली नाही.

"पस्तीस वर्षं नोकरी केली," अप्पा म्हणाले. "हलवलेल्या खुणा शेकड्यांनी पाहिल्या. मी हलवली असं आपणहून सांगणारं माणूस आज पहिल्यांदा बघतोय." ते उठले, आत गेले आणि आपला जुना हातोडा घेऊन आले. "ओ लॉनवाले! तिथे काय उभे राहिलात? टेप धरा."

अप्पांनी स्वतः बदामाभोवती दहा पावलांवर खुंट्या ठोकून गोल आखला. "ह्याच्या आत हरळी नाही. पाचोळा राहील. आणि एक बाक टाका. हिचं वय राहिलं नाही आता झाडावर चढण्याचं."

बाक आला. पहिल्या संध्याकाळी खारू एका टोकाला बसली, तो दुसऱ्या टोकाला.

"तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

"त्याच दिवशी. चपलेला लाल रंग लागला होता."

"आणि तरी तिथे हरळी लावलीत? मरणार हे माहीत असून?"

"झाड वाचत होतं ना. आणि..." त्याने मान खाजवली. "हरळी मेली की मला परत बोलावणार, हेही माहीत होतं. अप्पा एवढे तापतील, ते मात्र मोजायचं राहिलं."

"लबाड!"

तिने ओढणीच्या गाठीतून एक लाल खुंटी काढली, आठवण म्हणून जपलेली, आणि बाकावर दोघांच्या मधोमध ठेवली. "ही हद्द. लक्षात ठेवा."

त्याने खुंटीकडे पाहिलं. मग ती उचलली, खिशात टाकली आणि सरकून तिच्याशेजारी बसला.

खारू लाजून लाल झाली, पण तसूभरही सरकली नाही. "ह्या घरात खुंटी हलवणं म्हणजे काय, ठाऊक आहे ना?"

"आहे ना. आपणहून सांगावं लागतं." त्याने तिचा हात हातात घेतला. "चल... अप्पा घरातच आहेत. दोघं मिळून सांगू."