दगडाआत्याची शमादानं

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. दगडाआत्या माझी सख्खी आत्या. तिनं खोटं बोलून काय मिळवायचंय?

भिंगार. १९७२ सालची भोगी. दिवेलागणीची वेळ.

आत्याचा एकुलता एक मच्छिंद्र लढाईत बेपत्ता झाला होता. लढाई संपून महिना होत आला, तरी पत्ता नाही. लोक आडून आडून सुचवायचे. आत्या ऐकेल तर शपथ!

कॅम्पातल्या बंगल्यात ती भांडी घासायची. तिथल्या म्हाताऱ्या मॅडमनी बंगला सोडताना तिला शमादानांची जोडी दिली होती. जुनी, फ्रान्सची, ब्राँझची. दांडे तोफेच्या नळीसारखे, तळाशी तलवारी आणि ढोल कोरलेले.

आत्यानं मेणबत्तीच्या जागी तेल ओतलं, वाती लावल्या आणि देवाला म्हणाली, "माजा मच्छिंद्र घरी येईस्तोवर हे दिवे इझू देनार न्हाई."

तेव्हापासून ते रात्रंदिवस तेवत होते. भोगीच्या त्या संध्याकाळी लांब कुठंतरी ढोल वाजला...

मग बूट. खूप जणांचे. एका चालीत.

गल्लीतली कुत्री गप्प झाली.

बूट दाराशी थांबले...

"आये..."

मच्छिंद्रच! आत्याच्या हातातली भाकरी चुलीत पडली.

"बाळा! आत ये की रं!"

"येता येईना. तुज्या दिव्यांनी अडकून ठेवलंय मला. ह्या लोकांसंगं नुसता चालतोय... मालव ते. सोड मला."

आत्याचं काळीज फाटलं. दिवे मालवायचे म्हणजे पोरगा गेला, हे आपल्याच हातानं कबूल करायचं. पण त्याचा जीव तरी सुटेल! रडत रडत तिनं दुधाचं बोट लावून दोन्ही वाती शांत केल्या.

"जा बाळा, सुखानं जा."

बाहेर सगळं चिडीचूप झालं.

आणि मग... मागच्या अंगानं कोणीतरी धापा टाकत आलं. एकटंच. अनवाणी.

"आये! दिवं का मालवलंस गं? त्येंच्याच उजेडानं एवढ्या लांबनं आलो... आता घर घावंना!"

आत्यानं काडी ओढली. दुसरी ओढली. वात पेटेना. कंदील घेऊन ती बाहेर धावली, हाका मारमारून घसा बसला. कोणी दिसलं नाही. पावलं मात्र घराभोवती चाचपडत फिरत होती... मग लांब लांब गेली.

मच्छिंद्र पुढं कधीच आला नाही.

दाराशी आधी कोण आलं होतं, हे मी एकदा आत्याला विचारलं. नको होतं विचारायला.

ती म्हणाली, "दोनी आवाज माज्याच लेकाचं हुतं रं."