पोचलो, जेवलो, निघालो

धरणाचे दरवाजे उघडले आणि मोबाइलचे मनोरे आधी आडवे झाले. टिकले ते फक्त निरोप्या खांब, गावोगावचे निरोप एकमेकांकडे बिनतारी पोचवणारे. कुरणवाडच्या टेकडीवरच्या जलवेध केंद्रात त्या खांबांचा भारी तोरा मिरवला जाई.

पाण्याचा अभ्यास करणाऱ्या दमयंती खोत पडद्यासमोर उभ्या होत्या. खुर्ची होती, पण बसवत नव्हतं. नऊ मैल खाली, नदीकाठच्या शाळेत, त्यांची सून शर्वरी आणि नातू होता. सकाळी केंद्रानेच इशारा दिला होता, घरं सोडा, शाळेत जा. आता वरून आणखी पाणी सुटलं होतं आणि संध्याकाळच्या आत शाळाच बुडणार होती. मधला रस्ता केव्हाच गेला होता.

“नवा इशारा गेला का?”

“पाठवलाय बाई. शाळा सोडा, पूल ओलांडून माळावर जा,” खांबांचं जाळं सांभाळणारी मृण्मयी शेंडे म्हणाली. “पण रांगेत अडकलाय.”

“रांगेत? रेशनचं दुकान आहे का गं हे?”

“खांबाला रस्ता ठाऊक नसतो. आलेला निरोप तो आजूबाजूच्या सगळ्या खांबांना देतो, ते त्यांच्या आजूबाजूच्यांना. एक पडला तरी दुसरीकडून पोचतो. याला पूरप्रसार म्हणतात.”

“नाव तरी बरं ठेवायचं.”

“खोड एकच. ज्याचा निरोप त्याला मिळाला तरी वाटप थांबत नाही, सगळे खांब फिरून झाल्याशिवाय तो विरत नाही. सकाळी शाळेत गेलेल्या प्रत्येकानं मामाला, आत्याला, चुलत दिराला कळवलं, ‘पोचलो’. त्यांनी विचारलं, ‘जेवलात का?’ यांनी सांगितलं, ‘जेवलो’.”

“गिळायला सुचलं म्हणायचं! आपला इशारा पुढे घाल.”

“नाही घालता येत. गावसभेनं ठरवलंय, रांग एकच. सरकारचा निरोप पुढे आणि आमच्या आईचा मागे का, म्हणाले. टाळ्या वाजवून ठराव केला.”

“मग पुसून टाक सगळं.”

“पुसायचा हुकूमही त्याच खांबांतून जाणार, बाई. सगळ्यांच्या मागे उभा राहून.”

  पाणी कुठे, किती, केव्हा चढणार, सगळं दमयंतीबाईंना कळत होतं. एवढं कळूनही कुणाच्या कानावर घालता येत नव्हतं.

मग पडद्यावरचे काठचे खांब एकेक करून विझू लागले. मृण्मयी पुढे झुकली.

“रांग सरकतेय! खांब बुडताहेत ना, तेवढं वाटप कमी.”

“म्हणजे नदीच वाट करून देतेय आपल्याला? उपकार झाले तिचे!”

शाळेचा खांब मात्र उंचावर होता. त्याचा दिवा हिरवा झाला. इशारा पोचला. दमयंतीबाई खुर्चीत बसल्या, पदराने मान पुसली आणि सवयीने पुलापाशी पाण्याची पातळी किती ते पाहिलं.

पुलावरून पाणी वाहत होतं.

त्यांनी मृण्मयीला बाजूला सारून स्वतःच टंकलं : ‘पुलावर जाऊ नका. गच्चीवर चढा.’ कळ दाबली. निरोप पडद्याच्या तळाशी जाऊन बसला आणि तिथून हलेना.

“आता काय अडलं? खांब तर निम्मे उरलेत!”

मृण्मयीने पडदा वर सरकवला. सरकवतच राहिली. “इशारा वाचून लोक निघाले, बाई. आणि निघताना घरी कळवताहेत. प्रत्येक जण, प्रत्येकाला. हे सगळे निरोप आपल्या खांबाशी येऊन थांबलेत, पुढे वाटले जायला.”

दमयंतीबाईंनी आपल्या निरोपावर बोट ठेवलं. मग बोट एक ओळ वर नेलं. त्या ओळीतला निरोप त्यांनाच आला होता. त्यांना मिळालाही होता. आता तो राहिलेल्या सगळ्या खांबांना वाटला जाईपर्यंत त्यांच्या ओळीला जागा देणार नव्हता.

‘आई, तुमचा इशारा मिळाला. पिल्लूला कडेवर घेऊन सगळ्यांच्या पुढे निघालेय. पूल समोर दिसतोय. काळजी करू नका. शर्वरी.’