रश्श्याबरोबर कुठली वाइन

हे लिहिणारच नव्हतो. पण उमाकांत म्हणाला, तू नाही लिहिलंस तर मी सगळ्यांना सांगणार, आणि माझ्या गोष्टीत तू पहिल्या ओळीतच पिऊन पडलेला असशील. म्हणून लिहितोय. आठवेल तसं.

गेलं साल, शहाण्णव. कानडी मुलूख. रेसिडेन्सी रोडवरच्या एका वाइन शॉपमध्ये मी आणि उमाकांत काउंटरला. नाव वाइन शॉप, खपायची रम. वाइन बिचारी वरच्या फळीवर धूळ खात. मला मात्र तिचं वेड. अव्हेन्यू रोडच्या रद्दीतली परदेशी मासिकं वाचून शिकलो होतो, कशाबरोबर काय प्यावं ते. फक्त विचारणारं कुणी नव्हतं.

एका दुपारी उन्हातून एक मुलगी आत आली. उमाकांतच्या हातातली बाटली हातातच राहिली.

तिनं कानडीत विचारलं, मटणाबरोबर कुठली वाइन चालते?

माझ्या तोंडून निघून गेलं, "उम्या, कुणीतरी विचारलं रे..."

ती हसली. "अय्यो, मराठी? मग सांगा ना, अण्णा."

तो 'अण्णा' काळजात रुतला. तिचं नाव भव्या. वडील खंडोजीराव, चिकपेटजवळ त्यांचं मिलिटरी हॉटेल, म्हणजे इकडची मटणाची खानावळ. मटण, बिर्याणी, दुपारी बसायला जागा नाही. हिला बाहेरच्या जेवणांच्या ऑर्डरी घ्यायच्या होत्या. अप्पा म्हणाले होते, एक संधी देतो. रविवारी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपनीचे परदेशी पाहुणे गच्चीवर जेवायला येणार. ताटं रिकामी आली तर काम तुझं. भरलेली आली तर हा विषय परत काढायचा नाही.

"लाल मटण, लाल वाइन," मी ऐटीत म्हणालो. "एकदम ड्राय. गोडाचा अंश नाही."

"नक्की?"

"मासिकात आहे."

दुसऱ्या दिवशी ती स्टीलचा डबा घेऊन हजर. झाकण उघडलं आणि दुकानभर मिरी, लवंग, खोबरं...

"हात पुढं करा."

"हात?"

"आमच्याकडं पाहुण्याला वाटी. घरच्यांना तळहात."

"मग मी कोण?"

"तुम्ही वाटी कुठं ठेवलीत?" — आणि चमच्यानं माझ्या तळहातावर रस्सा घातला. गरम. तिचं बोट हाताला टेकलं... का रस्साच, मला अजून सांगता येत नाही.

वर मी वाइनचा घोट घेतला. आणि संपलो. वाइनच्या तुरटपणानं मिरची अशी भडकली की कानातून धूर. तिनंही एक घोट घेतला. दोघांच्या डोळ्यांत पाणी.

"तुमच्या मासिकात मिरची नव्हती वाटतं, अण्णा?"

"अण्णा नको."

"मग काय म्हणू?"

"रघुपती."

"बघू," ती म्हणाली. "आधी वाइन तर सापडू दे."

मग रोज दुपारी डबा. रोज नवी बाटली, बोटभर घोट. एक आंबट निघाली. एक रश्श्यापुढं पाण्यासारखी. मी म्हणायचो, आता घास घे, आता थांब, आता पी... आणि ती डोळे मिटून थांबायची तेव्हा मी वाइनकडं बघतच नव्हतो. उमाकांत मागून म्हणायचा, "बाटल्यांना सांगतोस ते तिला सांग की रे."

शेवटी पांढरी सापडली. स्वल्प गोड, बर्फात गार केलेली. घोट घेतला की मिरची मऊ होते, लवंग मागून हळूच येते. भव्यानं डोळे उघडले.

"रघुपती," ती म्हणाली. "हीच."

रविवार. गच्चीवर केळीची पानं, माझ्या बाटल्या बर्फाच्या घमेल्यात. आणि पाहुण्यांतल्या मोठ्या साहेबानं पिशवीतून स्वतःच्या गावची बाटली काढली. लाल. ड्राय. भव्याचा चेहरा उतरला. पाहुण्याच्या भेटीला नाही कसं म्हणायचं? आणि त्यांनी ती लाल प्याली तर पानात सगळं तसंच राहणार.

माझं इंग्रजी मोडकं. तरी त्याच्यापुढं दोन ग्लास ठेवले. "सर. वन बाइट. युवर वाइन. देन वन बाइट. अवर वाइन. यू टेल."

त्यानं आधी त्याची घेतली. कान लाल. मग आमची घेतली. हसत त्यानं आपली बाटली परत पिशवीत घातली. मग रस्सा मागितला. परत मागितला. पानांवर हाडं तेवढी उरली.

मी स्वयंपाकघरात गेलो तर खंडोजीराव दुसऱ्या पातेल्यात मीठ घालत होते. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "काम तिचं झालं. आता तू इकडं ये. हात पुढं कर."

भव्या दारातच थांबली. "अप्पा... वाटी देऊ का?"

"मला शिकवतेस?" म्हणाले, आणि पळीनं माझ्या तळहातावर रस्सा घातला. "मीठ बघ."

मीठ कसं होतं, मला काय माहीत. मी तिच्याकडं बघत होतो.

"सांग की," ती हळूच म्हणाली. "रोज मला सांगतोस."

"मला रोज तळहातावरच पाहिजे," मी म्हणालो. "आयुष्यभर."

अप्पा पळीनं पातेलं ढवळत राहिले. "मीठ विचारलं होतं," म्हणाले. पण हसत होते.

तर उम्या, लिहिलं. आता माझा शब्द ऐक. आमच्या लग्नात तुझ्या ग्लासात रमच असेल. आणि कशाबरोबर काय प्यावं, हे त्या दिवशी मी तुला एकदाही सांगणार नाही.